गुरुवारचे मोजे

७ ऑक्टोबर, मंगळवार

बैठकीत आज माझा अहवाल मोठ्याने वाचला गेला. "सदर मुलगी स्वभावतः अग्नी असून समिधा पुरवणारे आप्तेष्ट तिच्याभोवती विपुल आहेत." डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सर, वाक्य सुरेख आहे. पण हिला घरी पाठवायचं की नाही, हे मला यातून कसं कळणार?" मी म्हटलं, समिधांपासून लांब ठेवा. कुणी हसलं नाही. स्वयंपाकीणबाई हसल्या, पण त्या चहा द्यायला आल्या होत्या. त्यांचं हसणं इतिवृत्तात येत नाही.

तेव्हा आजपासून अहवाल बंद, तक्ता सुरू. आमच्या केंद्रात बारा ते अठरा वयाची मुलंमुली राहतात. कुणी घरातून पळालेलं, कुणी स्वतःला इजा केलेलं, कुणी दुसऱ्याला. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं पुढे काय करायचं ते ठरतं. नव्या तक्त्यात मुलाच्या आयुष्याचे वीसेक तुकडे पाडले आहेत: झोप, शाळा, राग, मित्र, नातेवाईक, जबाबदारी, उद्याची आशा. प्रत्येक तुकड्यापुढे दोन रकाने, बळ आणि जोखीम, आणि दोन्ही भरायचेच. पोर हट्टी असेल तर त्याचा हट्ट बळात किती आणि जोखमीत किती. कमी, मध्यम की जास्त. मागचे तीन महिने बघायचे आणि पुढच्या तीन महिन्यांपुरतंच बोलायचं. त्यापलीकडचं भविष्य ज्योतिषांच्या पोटापाण्यासाठी राखून ठेवलेलं दिसतं.

सगळ्यात खाली एक चौकोन आहे, 'खास खूण'. प्रत्येक मुलाचं बिनसण्याआधी काहीतरी ठरलेलं दिसतं म्हणे. एक मुलगा जेवताना पोळीचे बारीक तुकडे करत बसतो आणि दुसऱ्या दिवशी काच फुटते. ती खूण हेरली की वेळेत हात धरता येतो.

"आणि एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिहिणाऱ्याने तक्त्यात यायचं नाही. 'मी समजावलं', 'माझ्यापाशी मन मोकळं केलं', असलं काही नको. आपण आज आहोत, उद्या बदलून जाऊ. मुलाकडे स्वतःचं काय आहे ते लिहा. मतं घरी नेऊन लिहा."

म्हणून ही वही. नियम मला जड जाणार नाही. स्वतःला वगळण्याचा सराव आहे. बायको, म्हणजे ही, गेल्यापासून घरातही मी फारसा येत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अग्नी आणि समिधा ज्या मुलीबद्दल होतं ती पंधरा वर्षांची आहे. केंद्रात तिला सगळे वकीलसाहेब म्हणतात, कारण 'दिवा बंद कर' म्हटलं तरी ती आधी कलम विचारते. ती मला पंडित म्हणते. मी पूर्वी शाळेत संस्कृत शिकवायचो, शाळेने संस्कृत बंद केलं, मग मी समुपदेशनाची पदविका घेऊन इकडे आलो, हा इतिहास तिने पहिल्याच आठवड्यात उलटतपासणीत काढून घेतला.

तिचा इतिहास कागदावर आहे. आई नाही. वडील आहेत, पण कुठे ते त्यांनाच ठाऊक. तीन ठिकाणांहून पळाली, आणि शेवटच्या वेळी सापडली ती गोळ्या घेतलेल्या अवस्थेत. वाचली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी मावशी तिला न्यायला तयार आहे. मावशी शिवणकाम करते, एका खोलीत राहते. नोव्हेंबरात निर्णय. तक्त्यात बळ पुरेसं दिसलं तर मावशीकडे. नाही दिसलं तर मोठ्या रुग्णालयाच्या बंद विभागात, जिथे दार फक्त बाहेरून उघडतं. मागच्या महिन्यात तिला कशाची भीती वाटते असं विचारलं, तर तिने एका शब्दात सांगितलं होतं, "कडी."

गुरुवारी लॉन्ड्रीतून कपडे येतात आणि दुपारची पाळी माझी असते. इस्त्रीच्या खोलीत मोज्यांची टोपली ओतायची आणि जोड्या लावायच्या, हे काम कुणालाच नको असतं म्हणून ज्येष्ठतेनुसार माझ्याकडे आलं आहे. तेव्हा बाकीची मुलं टीव्हीसमोर असतात. वकीलसाहेबांना टीव्ही चालत नाही, म्हणून त्या टेबलाच्या पलीकडे येऊन बसतात.

आज तिने एक राखाडी मोजा वर धरला. "पंडित, हा विधुर आहे."

"ब्रह्मचारी असेल."

"छे. टाच बघा किती झिजलीय. कुणाबरोबर तरी बराच चाललाय."

मी विषय बदलला. सांगितलं, संस्कृतात जोडीसाठी वेगळं वचन आहे. डोळे, हात, मोजे असतील तर मोजेसुद्धा त्यात जातात. मराठीने ते मोडीत काढलं.

"म्हणजे मराठीत एक, नाहीतर थेट गर्दी?"

"तसंच."

"बरोबर आहे मराठीचं," ती म्हणाली आणि राखाडी मोजा स्वतःच्या बाजूला ठेवला. 

संध्याकाळी मावशीचा फोन आला. दोघी जेमतेम मिनिटभर बोलल्या. मुलगी शांतपणे जेवली, वेळेत झोपायला गेली. तक्ता: नातेवाईक, बळ जास्त.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल वकीलसाहेबांनी ताट भिरकावलं. कारण कळलं नाही. मावशीचा फोनही येऊन गेला होता. नोंदी चाळल्या तर सोमवार बहुधा वाईट जातो. सोमवारी माझी सुट्टी असते, त्यामुळे स्वतः पाहिलेलं काही नाही, सगळं ऐकीव.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज मावशीचा फोन आलाच नाही. मला वाटलं, आता वादळ. पण मुलगी दिवसभर शांत. मोज्यांच्या वेळी माझा शब्दकोश मागितला. स्वयंपाकीणबाईंशी वाद चालू आहे म्हणे. त्या तिला आगाऊ म्हणाल्या आणि तिला त्या शब्दाची व्युत्पत्ती हवी आहे. 

उसनं घेण्याची तिला खोडच आहे. माझा स्टेपलर तिच्याकडे, छत्री तिच्याकडे, हिने विणलेला मफलरही. मागितलं की म्हणते, "चालू आहे वापर." स्वयंपाकीणबाईंची कात्री, शेजारच्या खोलीतल्या मुलीचा कंगवा. इतरांच्या वस्तूंवर तिचा संसार चालला आहे.

फोन नसताना शांत का, याचा विचार केला. फोनची वाट पाहण्यातही एक स्वस्थता असावी. तक्ता: गुरुवारी स्थिर, मावशीच्या फोनचा परिणाम. बळ जास्त.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

जुन्या वसतिगृहाने पाठवलेले कागद वाचले. तिथल्या वॉर्डनबाईंनी लिहिलं आहे, "पळून जाण्याआधी मुलगी अचानक फार चांगली वागू लागते." ही कसली खूण! चांगलं वागणं धोक्याचं धरलं तर मी जन्मभर धोक्यात आहे. चौकोन रिकामा ठेवला.

२६ ऑक्टोबर, रविवार

घर हलकं करायला घेतलं आहे. शेजाऱ्यांची शिडी दोन वर्षं आमच्याकडे होती, ती धुऊनपुसून परत केली. मेहुण्यांचं ड्रिल त्यांच्या भाच्याबरोबर पाठवून दिलं. पुस्तकं तीन खोक्यांत भरून वाचनालयाला दिली. कोशही देणार होतो, पण तो वकीलसाहेबांच्या ताब्यात. ताईचे डबे, जे ही आजारी असताना भरून यायचे आणि मग आमच्याकडेच राहिले, घासून चकचकीत केले आणि रिक्षाने पोचवले.

लगेच तिचा फोन. "डबे परत का पाठवलेस?"

"तुझे होते."

"मी मागितले होते का?"

"अगं, पडून होते नुसते."

"तू जेवतोस ना रे?"

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे आणि तिच्या सगळ्या प्रश्नांच्या शेवटी हा एक प्रश्न असतो. म्हटलं, जेवतो. खोटं नाही. घर छान मोकळं झालं आहे. बोललं की आवाज घुमतो, पण बोलायचं आहे कुणाशी?

६ नोव्हेंबर, गुरुवार

राजीनामा दिला. डिसेंबरअखेरीपासून मोकळा. कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, "कारण काय लिहू?" म्हटलं, वैयक्तिक. तो म्हणाला, "सगळे तेच लिहितात." म्हणजे ते तरी सार्वजनिक आहे.

खरं कारण मलाही नीट सांगता येत नाही. पुरे वाटतं, एवढंच. ताईला फोनवर सांगितलं.

"मग करणार काय दिवसभर?"

"वाचन."

"पुस्तकं तर वाटून टाकलीस!"

ताईच्या घराण्यात वकिली होती असं आजवर वाटलं नव्हतं. तिचं घराणं माझंच असलं तरी.

पॅसेजमधला दिवा गेला आहे. बल्ब आणला, पण हात पोचत नाही. शिडी नेमकी परत केलेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोज्यांच्या वेळी वकीलसाहेबांना सांगून टाकलं. इतरांकडून कळण्यापेक्षा बरं. हसतहसतच सांगितलं, की यापुढे मोज्यांचे विवाह तुम्ही जुळवा, भटजी निवृत्त होतोय.

ती मोजे लावत राहिली. थोड्या वेळाने विचारलं, "कोणत्या गुरुवारपर्यंत आहात?"

"नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा धर."

"मग काय करणार?"

"घरी बसणार. शिडी परत केल्यामुळे बल्बसुद्धा लावता येत नाही, तेव्हा अंधारातच." विनोद बरा होता, पण तिचं लक्ष नव्हतं. काळा मोजा निळ्याला लावून बाजूला टाकला. मी दाखवलं तर "बरं" म्हणाली. कलम विचारलं नाही.

व्यवहारी मुलगी आहे. तारीख विचारली, वाईट वाटल्याचं नाटक केलं नाही. मला ते आवडलं. घरी येताना मात्र एक बस मुद्दाम सोडली आणि थांब्यावर बसून राहिलो. गर्दी होती म्हणून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आश्चर्य! आज सकाळी टेबलावर माझा संपूर्ण संसार. शब्दकोशाला नवं कव्हर घातलेलं. स्टेपलरमध्ये पिना भरलेल्या. छत्री वाळवून, पट्टा लावून. मफलर धुऊन घडी केलेला. स्वयंपाकीणबाईंना कात्री मिळाली आणि वर "तुम्हाला उलट बोलले, चुकलं" असं ऐकायला मिळालं. त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सर, पोरीला ताप आहे का बघा." शेजारच्या मुलीचा कंगवाही परत.

मावशीकडे जायची ओढ माणसाला किती बदलते! तक्ता: जबाबदारीची जाणीव, बळ जास्त, जोखीम कमी. उद्याची आशा, बळ जास्त. पहिल्यांदाच एखादा तक्ता भरताना हाताला आनंद झाला.

मफलर गळ्यात घालून घरी आलो. त्याला आता केंद्रातल्या साबणाचा वास येतो. आधी जो यायचा तो गेला. असो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बैठक. माझा तक्ता डॉक्टरीणबाईंना आवडला. पहिल्यांदाच एकही समिधा सापडली नाही असं म्हणाल्या. फक्त खालच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"खास खूण रिकामी?"

"सापडली नाही."

"तीनदा पळालेली मुलगी, आणि खूण नाही?"

"आधीच्या वॉर्डनबाई म्हणतात, चांगली वागते. ते काय लिहायचं?"

त्यांनी पेन थोडा वेळ हवेत धरलं. मग सही केली. मावशीकडे पाठवायचं, आठवड्यातून एकदा तपासणीला आणायचं. बंद विभाग टळला. त्या मला म्हणाल्या, "सर, हे तुमचं काम आहे." मी म्हटलं, लिहिणाऱ्याने तक्त्यात यायचं नसतं.

२ डिसेंबर, मंगळवार

वकीलसाहेब गेल्या. मावशी न्यायला आल्या होत्या. बोटं सुया टोचून टोचून खरखरीत झालेली, चेहरा दमलेला, स्वभाव गरीब. मुलीने केस नीट विंचरले होते. सगळ्यांना नमस्कार केला. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "धन्यवाद, सर."

पंडित नाही, सर. मोठी झाली, म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

टोपली एकट्याने संपवली. आज बरेच मोजे बिनजोडीचे उरले. चष्म्याचा नंबर वाढला असावा. तो झिजलेला राखाडी मोजा कुठे दिसला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मावशींचा फोन. फार खूश. "गुणी हो पोर! भांडीकुंडी आवरते, उलट शब्द नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंची बादली कितीक दिवस आमच्याकडे होती, तीसुद्धा देऊन आली."

मला समाधान वाटलं. नातेवाईक: बळ जास्त. माझा अंदाज खरा ठरला.

११ डिसेंबर, गुरुवार

आज लिहिलं नाही तर उद्या माझ्यावर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी कामावर निघण्याआधी ताईचा फोन आला. मी कपाट रिकामं करत होतो. तिला म्हटलं, हिच्या साड्याही द्यायच्या ठरवल्या आहेत. ताई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सगळं परत करत सुटलायस. अरे, निघालायस तरी कुठे?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर स्टेपलर आला. पिना भरलेला.

कोश, छत्री, मफलर, कात्री, कंगवा. वरच्या बाईंची बादली. चांगली वागते, असं त्या वॉर्डनबाईंनी लिहिलं होतं. पुढचं त्यांना दिसलं नव्हतं. निघण्याआधी ती कुणाचं काही ठेवत नाही. जी गोष्ट खालच्या चौकोनात जायची ती मी वर बळाच्या रकान्यात लिहिली, 'जास्त' म्हणून, आणि हाताला आनंद झाला!

"ताई, ठेव फोन," म्हटलं आणि मावशींना लावला. त्या शिवणयंत्राच्या आवाजात ओरडून म्हणाल्या, अहो दूध आणायला गेलीय, मघाशीच. मी म्हटलं, यंत्र थांबवा आणि तिची गादी बघा. त्या परत येऊन एकेक सांगू लागल्या. गादीची घडी, तिच्यावर मावशींनी शिवून दिलेले दोन्ही ड्रेस, वर घराची किल्ली. आणि मावशींच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी डब्यात नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना कळवलं. त्या आणि ड्रायव्हर मावशींच्या बाजूला निघाले. मी बसस्थानक पाहिलं, मागच्या वेळी जिथे सापडली होती तो पूल पाहिला, बागेतले सगळे बाक पाहिले. एका बाकावर तिच्या वयाची मुलगी पाठमोरी बसली होती. मी धावत जाऊन समोर उभा राहिलो तर दुसरीच निघाली. तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की कुठल्याही तक्त्यात मी जोखमीतच गेलो असतो.

दुपार कलल्यावर केंद्रावर परत आलो. स्वयंपाकीणबाई फाटकापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुठे होता? फोन का उचलत नाही? इस्त्रीच्या खोलीत जा."

फोन घरीच राहिला होता, उघड्या कपाटात.

ती टेबलाच्या पलीकडे बसली होती. टोपली ओतलेली, निम्म्या जोड्या लागलेल्या. ओठ फुटलेले, चपला चिखलाने भरलेल्या. शहराच्या त्या टोकापासून चालत आली होती. मला पाहून म्हणाली, "उशीर केलात. गुरुवार आहे."

मी खुर्चीत बसलो.

तिने खिशातून गोळ्यांची पट्टी काढून मोज्यांवर ठेवली. "मावशीची आहे. बघा, एकपण फोडलेली नाही. पुलापर्यंत गेले होते. मग वाटलं, सगळ्यांचं सगळं दिलं का? तर हा राहिला होता." दुसऱ्या खिशातून तो राखाडी मोजा निघाला. "केंद्राचा आहे. परत द्यायला आले."

"मग दे," मी म्हटलं.

ती मोजा हातातच धरून बसली. दिला नाही. मीही हात पुढे केला नाही. मग एकदम रडायला लागली. मी गोळ्यांची पट्टी खिशात टाकली आणि मोजे लावत बसलो, कारण दुसरं काय करतात ते पदविकेत शिकवलेलं मला त्या वेळी आठवेना. 

१२ डिसेंबर, शुक्रवार

बैठक. डॉक्टरीणबाईंचे डोळे सुजलेले. त्या म्हणाल्या, "गोळ्या घेऊन निघाली होती. जोखीम जास्त. मला बंद विभागाचं पत्र लिहावं लागेल, सर. मलाही आवडत नाहीये."

मी तक्ता मागून घेतला आणि त्यांच्यासमोर खोडला. जबाबदारी, बळ जास्त: काट. खास खूण: 'उसनं घेतलेलं सगळं परत करते.' मग नातेवाईक. "मावशी चांगल्या आहेत, पण मध्यम. गुरुवारी पोर शांत असायची ती फोनमुळे नाही. फोन आला नाही तेव्हाही शांत होती. सोमवारी फोन यायचा आणि ताटं उडायची."

"मग गुरुवारी काय असतं?"

"मोजे."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही सांगितलंत, लिहिणाऱ्याने तक्त्यात यायचं नाही. मी आलो नाही. ज्या दिवशी मी जातोय असं तिला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी तिने माझं सगळं परत केलं. आणि मी लिहिलं, आशा, बळ जास्त."

स्वयंपाकीणबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे धरून उभ्याच.

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "नियम माझा होता. पण सर, तुम्ही महिनाअखेर निघालात. जाणारा माणूस मी बळात कसा धरू? तक्ता पुढच्या तीन महिन्यांचा आहे. तुम्ही आहात का?"

प्रश्न साधा होता. उत्तराला एवढा वेळ का लागला कळत नाही. खिडकीबाहेर कुणीतरी चादरी झटकत होतं.

"आहे," मी म्हटलं.

पत्र लिहिलं गेलं नाही. मुलगी तीन महिने इथेच, रविवारी मावशींकडे, आणि मावशींच्या गोळ्या वरच्या बाईंकडे कुलपात. राजीनामा मागे घ्यायला गेलो तर कारकून म्हणाला, "त्याचा नमुना नसतो, सर. आजवर कुणी घेतला नाही. साध्या कागदावर लिहा. कारण?" म्हटलं, वैयक्तिक. तो पहिल्यांदाच हसला.

१८ डिसेंबर, गुरुवार

टोपली. वकीलसाहेब उशिरा आल्या, पडलेल्या चेहऱ्याने. कालचा दिवस वाईट होता. दोनदा रडणं, एकदा दार आपटणं. तक्त्यात काही सोन्याचा दिवस उगवलेला नाही. पण डॉक्टरीणबाईंना "धन्यवाद" म्हणालेली नाही आणि स्वयंपाकीणबाईंची कात्री पुन्हा गायब आहे, हे मी खूण म्हणून टिपून ठेवलं.

"कोश आणलात?"

"आणलाय. परत कधी?"

"बघू." कोश तिने मांडीखाली सरकवला. आधी कव्हर काढून टाकलं. "मफलर?"

तोही दिला. थंडी आहे.

मग बराच वेळ आम्ही जोड्या लावल्या. राखाडी मोजा तिच्या बाजूला होता. त्याच्यासारखा एक निळसर तिने शोधून काढला, शेजारी धरून पाहिला. "सख्खा नाही," म्हणाली, "पण चालेल." आणि दोघांची घडी केली. मी हरकत घेतली नाही.

जाताना दारात थांबली. "पंडित, पॅसेजमध्ये दिवा लागला का तुमच्या?"

"नाही अजून."

"एवढे दिवस अंधारात?"

"सवय होते."

"शिडी मागा की परत."

"आत्ताच तर दिली. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील! शिडी मागतोय म्हणतील." आणि माझ्याकडे असं बारकाईने पाहिलं, जसं मी तिच्याकडे पाहायचो, हातात पेन असताना. का ते कळलं नाही. माझ्या शर्टाची कॉलर वाकडी असावी.

घरी येताना शेजाऱ्यांचं दार वाजवलं. ते म्हणाले, "अहो, ठेवायची होती तुमच्याकडेच, आम्हाला अडगळ होते." बल्ब लावला. पॅसेज आहे त्यापेक्षा लांब वाटत होता अंधारात.

मग ताईला फोन केला.

"तुझा तो डबा, घट्ट झाकणाचा."

"त्याचं काय?"

"हवा होता."

"कशात काय ठेवणार आहेस?"

"अजून काही नाही."

"मग?"

"असू दे माझ्याकडे."

मला वाटलं फोन तुटला. "ताई?" म्हटलं.

"रविवारी घेऊन येते," ती म्हणाली. "भरूनच आणते. घरी राहा, कुठे जाऊ नकोस."

नाक सारखं ओढत होती. सर्दी झालेली दिसते तिला.